सीमेपलीकडचे नातलग
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाच्या व्याख्यानासाठी समितीने आमच्या अभ्यास मंडळाकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही कोरियातल्या ताटातूट झालेल्या कुटुंबांचा विषय कळवला. दोघा-तिघांनी विचारलं, हा विषय इथे कशाला? उत्तर सोपं आहे. आपल्या वस्तीतल्या मुली हल्ली मोबाइलवर कोरियन मालिका बघतात, तिथली गाणी पाठ म्हणतात. कोरिया म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे चकचकीत रस्ते आणि देखणी पोरं येतात. त्याच देशात नव्वदीच्या घरातली माणसं अजून आपली आई कोणत्या तारखेला गेली याचा शोध घेत आहेत. हे मुलींना माहीत असावं असं आम्हांला वाटलं, आणि आयाबायांना तर ते आमच्यापेक्षा लवकर समजेल.

इतिहास थोडक्यात सांगतो. कोरिया हा पूर्वी एकच देश. १९१० ते १९४५ तो जपानच्या अमलाखाली होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान हरला, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी नकाशा पुढे घेऊन ३८ व्या अक्षांशावर रेघ मारली. वरच्या भागात रशियाचं सैन्य, खालच्या भागात अमेरिकेचं. ज्यांच्या शेतातून ती रेघ गेली त्यांना कुणी विचारलं नाही. १९४८ साली दोन्हीकडे दोन सरकारं झाली. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने रेघ ओलांडली आणि युद्ध पेटलं. पहिल्या वर्षभरातच सेऊल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोम इथे शस्त्रसंधी झाली. शस्त्रसंधी म्हणजे लढाई थांबवण्याचा करार, तह नव्हे. तह आजपर्यंत झालेला नाही. रेघेच्या जागी सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असा तारांचा आणि सुरुंगांचा पट्टा आला.

आता माणसं कशी दुरावली ते ऐका. पुष्कळांची ताटातूट कुणी जबरदस्तीने केली नाही. ती सहज झाली, आणि हीच गोष्ट मनाला फार लागते. डिसेंबर १९५० मध्ये चिनी सैन्य उतरलं आणि उत्तरेकडच्या हुंगनाम बंदरातून अमेरिकन फौजा माघार घेऊ लागल्या. त्यांच्याबरोबर सुमारे एक लाख सामान्य माणसं जहाजांवर चढली. 'मेरेडिथ व्हिक्टरी' नावाचं एक मालवाहू जहाज होतं. त्यात बारा प्रवाशांची सोय. त्या एका जहाजाने सुमारे चौदा हजार माणसं आणली. कडाक्याची थंडी, तळाच्या कोठारात माणसं खेटून उभी. वाटेत पाच बाळं जन्मली. एकही माणूस दगावला नाही. ही सुटकेची मोठी गोष्ट म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. पण त्याच दिवशी धक्क्यावर मागे राहिलेले होते, आणि घरी थांबलेलेही होते. बापे आणि तरणी पोरं पुढे निघाली, म्हातारे-कोतारे व लहान लेकरांच्या आया मागे राहिल्या, कारण सगळ्यांचा हिशोब एकच : थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, वातावरण निवळलं की परत यायचं. घराला कुलूप लावताना जशी आपण शेजारणीला किल्ली देतो तशा थाटात लोक निघाले. त्या थोड्या दिवसांची आता पंचाहत्तर वर्षे झाली.

दक्षिणेला पोचलेले निर्वासित बुसान शहरात गोळा झाले. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं? गावाकडच्या माणसांना त्या शहरातली एकच खूण ऐकून माहीत होती, योंगदो पूल. 'पुलावर भेटू' असं सांगून लोक निघालेले. म्हणून त्या पुलावर रोज माणसांची गर्दी, हातात नावांच्या पाट्या. पुलाखाली भविष्य सांगणाऱ्यांची रांगच बसली. माझा नवरा जिवंत आहे का, एवढंच विचारायला बायका यायच्या. भविष्यावर आमचा विश्वास नाही, तुमचाही नसावा. पण जिथे खबर मिळण्याची दुसरी कुठलीच वाट उरत नाही, तिथे ती दुकानं चालतात. त्या बायांना हसण्यात अर्थ नाही.

या हकिकतीत आपल्या देशाचाही थोडा संबंध आहे, तो सांगितला पाहिजे. शस्त्रसंधी झाली तरी युद्धकैद्यांचा प्रश्न शिल्लक होता. दक्षिणेच्या ताब्यातले बावीस हजारांवर कैदी म्हणत होते, आम्ही उत्तरेला किंवा चीनला परत जाणार नाही. त्यांची राखण करायला तटस्थ देश म्हणून भारताची फौज गेली. तिचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे मराठी गृहस्थ. वरच्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय शिपायाचा पाय आपल्या जमिनीला लागू द्यायचा नाही असा हट्ट धरला, म्हणून आपल्या जवानांना बोटींवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट त्या मधल्या पट्ट्यात उतरवावं लागलं. त्यांच्या छावणीचं नाव ठेवलं 'हिंदनगर'. तिथे तंबूंत बसून दोन्हीकडचे अधिकारी कैद्यांना समजावत : घरी चल, तुझी माणसं वाट बघत आहेत. काही गेले, बहुतेक गेले नाहीत. शेवटी ८८ जण असे निघाले की त्यांना ना हा कोरिया हवा होता, ना तो, ना चीन, ना तैवान. ते १९५४ साली आपल्या जवानांबरोबर भारतात आले. पुढे त्यांतले बरेच ब्राझील-अर्जेंटिनाकडे गेले, मोजके इथेच राहिले. बाजू निवड म्हटल्यावर त्यांनी बाजूच नाकारली. पण घर सगळ्यांचंच सुटलं.

आता आमच्या मते या विषयातली जी मुख्य गोष्ट आहे तिच्याकडे येतो. देशांच्या फाळण्या जगात इतरत्रही झाल्या. जर्मनीचे दोन तुकडे झाले, बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. तरी तिथे पत्रं जात होती, पार्सलं जात होती, आणि १९६४ पासून पूर्वेकडच्या पेन्शनर म्हाताऱ्यांना पश्चिमेच्या नातलगांकडे जाऊन येण्याची मुभा होती. चीन आणि तैवान एकमेकांचे हाडवैरी. तरी १९८७ साली तैवानने आपल्या म्हाताऱ्या सैनिकांना चीनमधल्या गावी जायला परवानगी दिली. कोरियात मात्र टपाल नाही, फोन नाही, मनिऑर्डर नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत मुंबईच्या गिरणीतून गावाकडे मनिऑर्डर जायची आणि तिच्या कुपनावर दोन ओळी असायच्या, 'तब्येत बरी आहे, काळजी नसावी'. त्या दोन ओळीसुद्धा तिथे मिळाल्या नाहीत. सेऊलपासून सीमा जेमतेम पन्नास किलोमीटर. दुर्बीण लावली तर पलीकडची शेतं दिसतात, माणूस चालताना दिसतो. पण तो जिवंत असलेला माणूस आपल्याच भावाचा मुलगा आहे की कसं, हे विचारायची सोय नाही.

शिवाय नातं सांगणंही धोक्याचं होतं. उत्तरेत ज्याचा माणूस दक्षिणेला पळाला त्या कुटुंबावर संशयाचा शिक्का. शिक्षण, नोकरी, राहण्याची जागा, सगळ्यावर त्याचा परिणाम. दक्षिणेतही ज्याचा माणूस उत्तरेला गेला त्या घरावर पोलिसांची नजर आणि सरकारी नोकरीची वाट बंद, असं पुष्कळ वर्षे चाललं. त्यामुळे किती तरी घरांत मुलांना सांगितलंच नाही की तुम्हांला एक काका आहे. पुढे सरकारने नावं नोंदवायला बोलावलं तरी काही म्हाताऱ्यांनी मुद्दाम नोंदवली नाहीत. आपण शोध घ्यायचा आणि तिकडे त्यांच्यावर बालंट यायचं, ही भीती. ज्यांनी नाव दिलं ते प्रेमाचे आणि ज्यांनी दिलं नाही ते दगडाचे, असं कुणी म्हणू नये.

पहिली मोठी भेट सरकारांनी घडवली नाही, टी.व्ही.ने घडवली. ३० जून १९८३ ला दक्षिण कोरियाच्या के.बी.एस. वाहिनीने युद्धाच्या स्मरणार्थ ९५ मिनिटांचा कार्यक्रम ठेवला. दक्षिणेतल्या दक्षिणेतच हरवलेल्यांनी यावं, आपली माहिती सांगावी, एवढीच कल्पना. लोकांची अशी रीघ लागली की कार्यक्रम थांबवता आला नाही. तो १४ नोव्हेंबरपर्यंत चालला. १३८ दिवस, ४५३ तास ४५ मिनिटं. वाहिनीच्या इमारतीच्या भिंती, समोरचं मैदान, पायऱ्या, सगळं हाताने लिहिलेल्या कागदांनी भरून गेलं. ५३,५३६ लोक पडद्यावर आले आणि १०,१८९ जणांना आपलं माणूस सापडलं.

ओळख कशी पटवायची, हे ऐकण्यासारखं आहे. अनेकांची ताटातूट चार-पाच वर्षांच्या वयात झालेली. अनाथालयात वाढलेले, आडनाव कुणी तरी दिलेलं, जन्मतारीख अंदाजाने. पडद्याचे दोन भाग करत. एकीकडे सेऊलच्या स्टुडिओतली बाई, दुसरीकडे दुसऱ्या गावच्या केंद्रावरचा पुरुष. मग सुरू : घरामागे झाड होतं का? कशाचं? तुझ्या डोक्यावर खोक पडली होती ती कशाने? बाबा काय धंदा करायचे? धाकटीला हाक कोणत्या नावाने मारायचे? दहा प्रश्नांपर्यंत आवाज शांत असतो. अकराव्या उत्तराला समोरचा एकदम ओरडतो. आणि एकाच देशात, दोन-तीनशे किलोमीटरच्या आत, तीस वर्षे ही भावंडं एकमेकांना मेलेली समजून जगत होती! या कार्यक्रमाच्या ध्वनिचित्रफिती आणि कागदपत्रं २०१५ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवली. ते योग्यच झालं. त्यात बाळगायला लावणारी जखमेची खूण जितकी आहे तितकी कुठल्याही लढाईच्या स्मारकात नसेल.

सीमेपलीकडच्या भेटीला आणखी वेळ लागला. रेड क्रॉसची बोलणी १९७१ सालीच सुरू झालेली. सप्टेंबर १९८५ मध्ये दोन्हीकडून पन्नास-पन्नास माणसांना एकमेकांच्या राजधानीत जाऊ दिलं. मग पुन्हा पंधरा वर्षे सामसूम. जून २००० मध्ये दक्षिणेचे अध्यक्ष किम दे-जुंग प्याँगयांगला गेले आणि किम जोंग-इल यांना भेटले, त्यानंतर १५ ऑगस्टला शंभर-शंभर जणांची भेट झाली. तेव्हापासून ऑगस्ट २०१८ पर्यंत अशा २१ फेऱ्या झाल्या. काही भेटी २००५ ते २००७ या काळात पडद्यावरून, व्हिडिओने झाल्या. पुढच्या बहुतेक प्रत्यक्ष भेटी उत्तरेतल्या कुमगांग डोंगराच्या पायथ्याशी.

या डोंगराचं नाव आपल्या ओळखीचं आहे. कुमगांग म्हणजे वज्र. वज्रच्छेदिका सूत्राच्या कोरियन नावात हाच शब्द आहे. पूर्वी त्या डोंगरात बौद्ध मठच मठ होते. त्यांतलं सिंग्ये-सा हे विहार युद्धात जळालं आणि दोन्हीकडच्या बौद्धांनी मिळून ते २००७ पर्यंत पुन्हा उभं केलं. सरकारांना जे एकत्र बांधणं जड गेलं ते भिक्खूंनी बांधलं, असं आम्ही म्हणू. भंतेजी हसत आहेत, म्हणजे त्यांना पटलेलं दिसतं.

भेटीची पद्धत कशी होती? नाव नोंदवायचं आणि सोडतीची वाट बघायची. आपल्याकडे घरांची सोडत निघते, तशीच तिथे आईची, भावाची सोडत. संगणकाने नावं निघायची. वय जास्त असेल, नातं जवळचं असेल तर थोडं झुकतं माप. मग तब्येतीची तपासणी. मग यादी पलीकडे पाठवायची, तिकडची माणसं जिवंत आहेत का ते कळायचं. त्यातून शेवटचे शंभर. २०१८ साली नोंदलेल्यांपैकी सुमारे सत्तावन्न हजार जिवंत होते, आणि जागा शंभर. नंबर लागला तर आदल्या दिवशी सोकचो गावात जमायचं. तिथे बजावून सांगत : राजकारण बोलू नका, त्यांच्या पुढाऱ्यांबद्दल बोलू नका, त्यांना अडचणीत आणणारं काही विचारू नका. मग बस. तीन दिवस. त्यात मोठ्या दालनात टेबलं मांडून सर्वांसमोर भेट, थोडा वेळ खोलीत एकांत, एकत्र जेवण, निरोप. सगळं मिळून बारा तासांच्या आतबाहेर. छातीवर नंबराचा बिल्ला, भोवती कॅमेरे, पलीकडून आलेल्यांच्या हातात एकाच नमुन्याच्या भेटीच्या पिशव्या. दक्षिणेतल्या म्हाताऱ्या आपल्या बॅगा भरून न्यायच्या : थंडीचे कोट, आतले गरम कपडे, औषधं, टूथपेस्ट, मुलांसाठी गोड बिस्किटं. सत्तर वर्षांचं देणं एका बॅगेत बसवायचं.

कल्पना करा. नव्वदी ओलांडलेली आई आणि सत्तरी ओलांडलेला मुलगा. तिने त्याला सोडलं तेव्हा तो चार वर्षांचा. ती त्याच्या चेहऱ्यात त्या चार वर्षांच्या पोराला शोधते, आणि समोर बसलाय सुरकुतलेला म्हातारा. तिथे नवरा-बायकोही भेटले. काही पुरुषांनी दक्षिणेत दुसरा संसार मांडलेला, मुलं-नातवंडं झालेली. आणि तिकडची पहिली बायको एकटीने लेकरू वाढवून तशीच राहिलेली. तो माफी मागतो आणि ती त्याला 'जेवलात का' विचारते. यात कोण चुकलं याचा निवाडा करायला आम्ही तयार नाही. घरी ठेवून आलेल्या दुसऱ्या बायकोने त्याची बॅग भरून दिलेली असते, तिचाही विचार करा.

पुष्कळांना तर आईबाप, भावंडं भेटलीच नाहीत. भेटले ते पुतणे-भाचे, ज्यांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग इतक्या दूर जाऊन मिळालं काय? मिळाली तारीख. कोरियन घरात मेलेल्या आईबापाच्या स्मृतिदिनी अन्नाची ताटं मांडून वाकून वंदन करायची चाल आहे. तारीखच ठाऊक नसेल तर चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी ते करतात. कुणी आईच्या वाढदिवसाला करतं. आणि ज्याला आई जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नाही, तो काय करेल? ताट मांडलं तर जिवंत आईला मारल्यासारखं, न मांडावं तर मेलेल्या आईला विसरल्यासारखं. माणसं अशा पेचात पन्नास-साठ वर्षे राहिली. म्हणून पुतण्यासमोर बसताच अनेकांचा पहिला प्रश्न : आई कधी गेली? कुठे पुरलं? तारीख कागदावर लिहून घ्यायची, घडी करून आतल्या खिशात ठेवायची. आपल्याकडे स्मृतिदिनाची पत्रिका छापून वाटतात, तिच्यावरच्या तारखेकडे आपण कधी नीट बघतही नाही.

तिसऱ्या दिवशी बस निघायची. बंद काचेवर आतून एक हात, बाहेरून एक हात. ही छायाचित्रं जगभर छापून आली. त्यानंतर काय? त्यानंतर काहीच नाही. पत्र नाही, फोन नाही, दुसरी भेट नाही. एकदा नंबर लागला की पुन्हा लागत नसे. मार्च २००१ मध्ये एकदाच तीनशे-तीनशे पत्रांची देवाणघेवाण झाली, ती तिथेच थांबली. भेटून आल्यावर महिनोन्महिने झोप लागली नाही, भेटलो नसतो तर बरं होतं, असं म्हणणारेही निघाले. दक्षिणेचे माजी अध्यक्ष मून जे-इन यांचे आईवडील हुंगनामच्या त्या जहाजावरूनच आलेले. त्यांची आई २००४ साली कुमगांगला जाऊन धाकट्या बहिणीला भेटली, मुलगा सोबत होता. तोच मुलगा पुढे देशाचा अध्यक्ष झाला, भेटीची शेवटची फेरी त्याच्याच काळात झाली. आई २०१९ मध्ये वारली. बहिणींची दुसरी भेट झाली नाही. अध्यक्षाच्या आईची ही गत, तर इतरांचं काय सांगावं!

आमचं मत आम्ही स्पष्ट सांगतो. या भेटी सरकारांनी वाटलेल्या प्रसादासारख्या होत्या. संबंध बरे असले की थोडा मिळायचा, बिनसलं की बंद. उत्तरेने त्यांच्या बदल्यात तांदूळ-खत मोजून घेतलं आणि दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी कॅमेऱ्यांपुढे अश्रू मोजून घेतले. ज्यांना भेट मिळाली त्यांच्या आनंदाला आम्ही नावं ठेवत नाही. पण लोकांची मूळ मागणी भेटीची नव्हतीच. कोण जिवंत आहे त्याची यादी द्या आणि वर्षातून एक पत्र जाऊ द्या, एवढी होती. त्याला ना डोंगर लागतो, ना दालन, ना कॅमेरा. एक पोस्टाची पेटी लागते. ती कधी लागली नाही.

आजची स्थिती अशी. दक्षिणेत एकूण १ लाख ३४ हजारांवर लोकांनी नावं नोंदवली होती. २१ फेऱ्यांत दोन्हीकडची मिळून सुमारे वीस हजार माणसं समोरासमोर भेटली. २०२४ च्या अखेरीस नोंदवलेल्यांपैकी सुमारे सदतीस हजार हयात होते, आणि त्यांतले बहुतेक ऐंशीच्या पुढचे. सप्टेंबर २०१८ मध्ये कायमचं भेटकेंद्र चालवायचं दोन्ही नेत्यांनी कागदावर कबूल केलं; प्रत्यक्षात त्यानंतर एकही भेट झाली नाही. जानेवारी २०२४ मध्ये किम जोंग-उन यांनी जाहीर केलं की एकीकरण आता आमचं धोरण नाही, दक्षिण हा शत्रुदेश. ऑक्टोबरात त्यांनी दोन्हीकडे जाणारे रस्ते सुरुंग लावून उडवले. आणि कुमगांगच्या पायथ्याशी २००८ साली खास या भेटींसाठी बांधलेली इमारत ते पाडत आहेत, असं दक्षिणेच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं.

दक्षिणेच्या सरकारने आणि रेड क्रॉसने मध्यंतरी दोन कामं हाती घेतली. एक म्हणजे म्हाताऱ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांचा निरोप ध्वनिचित्रित करायचा. माझं नाव अमुक, आपलं गाव अमुक, घरासमोर ओढा होता, तू असशील तर ऐक. असे हजारो निरोप भरून ठेवलेले आहेत. पलीकडे पोचलेले फार थोडे. दुसरं काम २०१४ पासूनचं, रक्त व केसांचे नमुने घेऊन डी.एन.ए.ची नोंद ठेवायची. हे नमुने त्या म्हाताऱ्यांसाठी नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असतं. ते गेल्यावर कधी वाट उघडली, तर त्यांच्या नातवंडांना तिकडच्या नातवंडांशी रक्ताचा मेळ घालता यावा म्हणून. नमुना घ्यायला कर्मचारी घरी जातात. म्हातारी दंड पुढे करते, केस उपटून देते, आणि विचारते, माझा नंबर कितवा आहे?